आजोबांची शिडाची होडी पुन्हा पाण्यात उतरवायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी सत्तरच्या दशकात मुंबईहून आणलेली प्लायवुडची शिडाची होडी नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये 18 वर्षं पडून आहे. लांबी तेरा फूट आणि वर थोडी, शीड निळं. तळाला दोन ठिकाणी बोट दाबलं की आत जातं. तुमच्या आईंना आठवतं की शेवटी शेवटी ती मधल्या पेटीतून गळायची. सुतार म्हणाला, मोडीत काढा. फायबरच्या कारखान्यातला म्हणाला, उलटी करून अख्खी फायबरने मढवून देतो, दहा दिवसांत नवी होईल.

बावीस वर्षं मुंबईत आणि नंतरची नऊ नाशकात मी हेच काम केलं आहे. फोटो नीट पाहिले. मोडीत काढण्यासारखी होडी ती नाही. पण फायबरवाल्याचं ऐकलंत तर मात्र ती नक्की मोडीत जाईल, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

प्लायवुडवर पॉलिएस्टर रेझिनचं फायबर धड धरत नाही. पहिल्या वर्षी धरल्यासारखं वाटतं. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हात आकसतं; फायबर त्याच्याबरोबर हलत नाही. मध्ये केसाएवढी फट पडते, तिथून पाणी शिरतं आणि बाहेर यायला त्याला वाट राहत नाही. मी कामाला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एका मालकाच्या हट्टापुढे मान तुकवून अशीच एक होडी मढवून दिली होती. दोन पावसाळ्यांनी तिच्या तळाचं फायबर मी हातांनी सोलून काढलं, केळीचं साल निघावं तसं. आतलं प्लाय चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. त्या होडीचा एकही तुकडा वाचला नाही. वजनाचाही हिशेब करून बघा: तळ आणि बाजू मिळून आठेक चौरस मीटर, काचेच्या धाग्यांच्या 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर आणि ते पिणारं रेझिन धरलं की 25 किलो सहज चढतात. तुमची होडी मुळात नव्वद-पंच्याण्णव किलोची.

होडी कुठली ते बहुतेक सांगता येईल. 13 फूट 3 इंच लांबी, तळ आणि बाजू यांच्यामध्ये कोन करून जोडलेल्या फळ्या, निळं शीड, हे सगळं एंटरप्राइज वर्गाच्या होडीचं लक्षण आहे. शीड उलगडून वरच्या भागात इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि नंबर दिसतो का पाहा. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये तिचा आराखडा केला. घरच्या घरी प्लायवुडच्या तुकड्यांतून माणसाला ती बांधता यावी हा त्यामागचा हेतू होता, आणि तुमच्या दृष्टीने हीच सगळ्यात चांगली बातमी आहे. जी होडी घरी बांधता येते ती घरी उघडताही येते. आपल्या देशात तलावांवर आणि धरणांवर या होड्या भरपूर चालल्या आहेत, त्यामुळे मापं, शिडं, सुटे भाग यांची माहिती शोधली की मिळते.

आता काम. पहिलं काम सुकवण्याचं नाही, गळती शोधण्याचं आहे, कारण एकदा सुकवली की पुन्हा ओली करायची नाही. होडी सरळ दोन घोड्यांवर, म्हणजे सुतारकामाच्या लाकडी आधारांवर, ठेवा, खाली जुन्या गाद्या घाला. होडीच्या मधोमध जी उभी अरुंद पेटी आहे, जिच्यातून सेंटरबोर्डची फळी पाण्यात खाली सोडतात, तिची तळाची फट बाहेरून रबराची पट्टी आणि फळी दाबून बंद करा. मग होडीच्या आत, पेटी जिथे कण्यावर (तळाच्या मधल्या लांब लाकडावर) बसते त्या जोडावर दोन्ही बाजूंनी कोरडी पांढरी रांगोळी चिमटीने टाकत जा, दारात रेघ ओढतो तशी अखंड. आता पेटीत वरून तांब्याने पाणी ओता आणि अर्धा तास बसून पाहा. जिथे गळतं तिथे रांगोळी आधी राखाडी होते, मग बसते. मी हजार रुपयांची उपकरणं वापरून पाहिली आहेत, पण इतकी अचूक जागा एकाही उपकरणाने दाखवली नाही. पेन्सिलने खूण करा, फोटो काढा, पाणी काढून टाका.

त्यानंतर ठोकून पाहायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दर दोन इंचांवर हलकं ठोका. चांगलं प्लाय टणटणीत बोलतं. कुजलेलं, थर सुटलेलं प्लाय बद्द वाजतं. शंका आली की आतून दाभण टोचा. दाभण दाबावं लागलं तर ठीक, आपोआप गेलं तर तो भाग गेला. या जागा विशेष तपासा: मागची फळी आणि तळ यांचा जोड, डोलकाठी बसते ती बैठक, डोलकाठीला धरणाऱ्या बाजूच्या तारा अडकवायच्या पट्ट्यांमागचं लाकूड, आणि पुढे नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आतला कोपरा जिथे हात पोहोचत नाही. शेडमध्ये 18 वर्षं म्हटल्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्याही शोधा. बोट आत जाणाऱ्या दोन जागा तुम्हाला माहीत आहेत. मी पैज लावून सांगतो की तिसरी निघेल, आणि ती नाळेत असेल.

कुजण्याबद्दल एक गोष्ट नाशिककरांच्या लक्षात येत नाही. समुद्रावरच्या होडीला किडे पोखरतात, शंख-शिंपल्यांचा थर चढतो, पण खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही. कुजवतं ते गोडं पाणी, त्यातही पावसाचं, साचून राहिलेलं. ही बुरशी असते, आणि लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला तरच ती वाढते. गळक्या पत्र्याखाली सरळ ठेवलेली होडी म्हणजे पावसाचं पाणी धरणारी परात. तुमच्या होडीचा तळ धरणाच्या पाण्याने गेलेला नाही, शेडमध्ये गेला आहे. आजवर माझ्याकडे आलेल्या बहुतेक होड्यांची हीच कथा होती.

सुकवायला मात्र नाशिकसारखी जागा नाही. फेब्रुवारी ते मे इथली हवा इतकी कोरडी असते की मुंबईत जे काम वर्ष घेतं ते इथे दोन-तीन महिन्यांत होतं. होडी सावलीत, वाऱ्यावर, घोड्यांवर ठेवा. बूच काढा, हवेच्या टाक्यांची झाकणं उघडा, बाकाखालचे हवेचे फुगे सोडवा. उन्हात ठेवू नका, वरचा पापुद्रा तडकतो. लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. मीटर नसेल तर कुजक्या जागेजवळचा हाताएवढा तुकडा कापा (ती जागा तशीही कापायची आहे), होडीतच ठेवा आणि रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. आठवडाभर वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं.

सुकेपर्यंत जुना रंग काढून घ्या, पण कोरडं घासून नाही. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90) आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे, त्यात शिसं आहे असंच धरून चाला. पाणी लावून घासा, चांगला मास्क लावा, ज्योतीने जाळू नका, निघालेला चिखल गोळा करून बांधून टाका. अंगणात लहान मुलं खेळत असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा.

आता प्लाय. ‘मरीन प्लाय’ एवढंच म्हणून दुकानात जाऊ नका. प्लायच्या पत्र्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का पाहा. 303 चा पत्रा घरातल्या कपाटाला ठीक, होडीला नाही. तुम्हाला 6 मिलिमीटर लागेल, तो बहुतेक मागवून घ्यावा लागेल. शिक्क्यावरही मी विश्वास ठेवत नाही. पत्र्याच्या चारही कडा डोळ्यांजवळ धरून पाहतो, आतल्या थरांत पोकळी दिसली की परत. मग कोपऱ्याचा तुकडा जुन्या पातेल्यात आठ-दहा तास उकळतो, उन्हात वाळवतो, पुन्हा उकळतो. 710 ची प्रमाणित चाचणी 72 तास उकळण्याची आहे, त्यामुळे एवढ्याने त्याचे थर सुटायला नकोत. सुटले तर तो पत्रा परत, आणि तुमची होडी वाचली, असं समजा.

कण्याला किंवा पेटीच्या बुडाला लाकूड बदलायची वेळ आली तर साग घ्या, आणि तो जुन्या वाड्याचा घ्या. जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात तेव्हा शंभर वर्षं मुरलेल्या तुळया विकायला निघतात. असा साग आता नव्याने मिळत नाही. रंधा मारण्यापूर्वी त्यातले खिळे चुंबकाने शोधा, नाहीतर पात्याचा दात जाईल. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घ्यायचा आणि पुसल्यावर थांबायचं नाही.

कुजलेला भाग कापताना हात आखडू नका. डोळ्यांना दिसतं त्याच्या पलीकडे चार-पाच इंच जा. बुरशी लाकडात दिसण्याच्या पुढे गेलेली असते. भोकाचे कोपरे गोल ठेवा. नुसतं ठिगळ बसवून कडा कडेला लावली तर ती पहिल्याच लाटेला उघडेल. जुन्या प्लायची कड आणि नव्या ठिगळाची कड, दोन्ही एकास आठ या उताराने तासायच्या. 6 मिलिमीटर जाडीला 48 मिलिमीटर, जवळपास दोन इंचांचा उतार. ऐकायला अवघड वाटतं, पण प्लाय स्वतःच वाट दाखवतं: तासत गेलं की त्याचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात, साडीच्या काठासारखे. पट्ट्या सरळ, सारख्या रुंदीच्या आल्या की उतार बरोबर. एखादी पट्टी पोटात फुगली तर तिथे रंधा जास्त लागला. हे काम घाईत करू नका. टाकाऊ प्लायच्या तुकड्यांवर चार-पाच जोड करून पाहा, सुकल्यावर गुडघ्यावर मोडा. जोड शाबूत राहून बाजूचं लाकूड मोडलं, की होडीला हात लावायला तुम्ही तयार झालात.

चिकटवायला इपॉक्सीच, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवले की घट्ट होणारा डिंक. रेझिन, काचेचं कापड वगैरे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानांत मिळतं. तिथे कोणी सांगेल की हार्डनर थोडा जास्त घाला, लवकर सुकेल. ही पॉलिएस्टरची सवय आहे. इपॉक्सीत हार्डनर जास्त झाला तर लवकर तर सुकत नाहीच, कायमचं रबरासारखं राहतं. काही इपॉक्सींना 100 ग्रॅमला 10 ग्रॅम हार्डनर लागतो, काहींना दोनास एक. डब्यावर असेल ते, काट्यावर तोलून. आणि कोणाकडे पॉलिएस्टरचं काम चाललं असेल तर त्यात लागणारी कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट ही रसायनं एकमेकांत थेट कधीही ओतू देऊ नका, भडका उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

आपल्या हवामानाचा इपॉक्सीवर फार परिणाम होतो. डिसेंबर-जानेवारीत नाशकात रात्री पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा ते दोन-दोन दिवस चिकट राहतं. मे महिन्यात दुपारी ग्लासभर कालवलंत तर दहा मिनिटांत ग्लासातच धूर निघेल. म्हणून थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट थाळीत ओता, पातळ थरात उष्णता साठत नाही. पावसाळी दमट हवेत सुकताना वर मेणचट पापुद्रा येतो. त्यावर दुसरा हात मारला तर तो सोलून निघतो, म्हणून आधी साधं पाणी आणि घासणीने धुवा, मग पॉलिश पेपर. कोऱ्या लाकडावरचा पहिला हात नेहमी संध्याकाळी द्यायचा. लाकूड गार होत जातं तशी आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. सकाळी दिलात तर ऊन चढताच लाकूड हवा बाहेर टाकतं आणि अख्ख्या तळाला बारीक फोड येतात. मार्च महिना या कामाला सगळ्यात चांगला.

जोड लावताना दोन्ही उतारांवर आधी नुसतं इपॉक्सी चोळा. लाकडाच्या उघड्या रेषा ते पिऊन टाकतात. दहा-पंधरा मिनिटांनी त्यातच एरोसिल (घट्टपणा आणणारी सिलिकाची हलकी भुकटी) आणि बारीक भुसा घालून श्रीखंडाएवढं घट्ट करून लावा. वर प्लास्टिक, त्यावर फळी, त्यावर वाळूच्या पिशव्या. फेव्हिकॉलला दाबतो तसं करकचून आवळू नका, सगळं बाहेर येऊन जोड उपाशी राहतो. तळ आणि बाजू यांच्या कोनावर शेवटी काचेच्या कापडाची चार इंची पट्टी इपॉक्सीने लावायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. अख्खं मढवणं वेगळं आणि जोडावर पट्टी वेगळी.

पेटीकडे येऊ. रांगोळीने दाखवलेली गळती फक्त वरून सीलंट भरून थांबवणारे पुष्कळ आहेत. एक हंगाम थांबते. बुडाचा जुना डिंक मेला असेल तर पेटी काढून पुन्हा बसवण्याशिवाय उपाय नाही. तिचे स्क्रू तळाच्या बाहेरून, रंगाच्या आणि लाकडी बुचांच्या खाली लपलेले असतात. डोकी मोकळी करा आणि प्रत्येक स्क्रूवर तापलेली सोल्डरिंगची इस्त्री मिनिटभर टेकवा. गंज आणि जुना डिंक सैल होतो, स्क्रू मुकाट्याने फिरतो. थंड स्क्रूवर जोर केलात तर डोकं तुटेल आणि अर्धा दिवस जाईल. निघालेले स्क्रू चुंबकाला लावून पाहा. पितळेचे म्हणून विकलेले कितीतरी स्क्रू आतून लोखंडाचे निघतात. नवे लावताना खरं पितळ चालेल, कारण तुम्ही गोड्या पाण्यात जाणार. समुद्रात पितळातलं जस्त निघून जाऊन स्क्रू ठिसूळ होतो. पट्ट्या, वॉशर, नाळेवरची पट्टी यांसाठी भांडी बाजाराच्या आसपासच्या जुन्या तांबट कारागिरांना विचारा. तांबं-पितळ घडवण्यात नाशिकचा हात कोण धरणार?

सेंटरबोर्ड ज्या बोल्टवर फिरतो त्याचं भोक एव्हाना लांबुळकं झालं असेल. ते मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, दोन दिवसांनी मधोमध मापाचं भोक पाडा. रबरी वॉशर नवे. एवढं केलंत तर अर्धी गळती इथेच थांबेल.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. होडी पाण्यात कायम उभी राहणार नाही, ट्रॉलीवरून येणार-जाणार, तेव्हा इपॉक्सी प्रायमरवर चांगला रंग पुरे. ताज्या इपॉक्सीवर थेट ऑइल पेंट मारू नका, चिकट राहतो. आणि रंग फिकाच घ्या. गडद तळ आपल्या उन्हात इतका तापतो की आतलं इपॉक्सी मऊ पडतं. इपॉक्सी उघडंही ठेवू नका, ऊन ते खातं. कोणी शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा विषारी रंग सुचवेल. तो तुम्हाला लागत नाही, आणि गंगापूर धरणाचं पाणी नाशिक पितं. घासलेल्या रंगाचा चिखलही त्या काठावर धुवायचा नाही, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

डोलकाठी फोटोत ॲल्युमिनियमची दिसते. जिथे स्टीलच्या पट्ट्या बसवल्या आहेत तिथे पांढरी भुकटी असेल, ॲल्युमिनियम आणि स्टील एकत्र ओले राहिले की ॲल्युमिनियम झिजतं. पट्टी काढा, साफ करा, मध्ये प्लास्टिकची चकती किंवा टेप घालून परत बसवा. तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथे धागा तुटला आहे. खरं तर इतक्या वर्षांच्या तारा मी तपासतच नाही, नव्याच घालतो. डोलकाठी वाऱ्यात डोक्यावर येते तेव्हा वाचवलेले पैसे आठवत नाहीत.

शिडाचं कापड टिकलं असेल, शिवण गेली असेल. अंगठ्याच्या नखाने शिवणीवर घासा, दोरा तुटून भुगा झाला तर पूर्ण शिवण नव्याने घालायची. मंडप आणि ताडपत्र्या शिवणाऱ्यांकडे जाड मशीन असतं, पण नागमोडी टाक्याचं आहे का ते विचारा. सरळ टाका शीड ताणलं की तुटतो. दोरा पॉलिएस्टरचा, उन्हाला टिकणारा. कापडाच्या कोपऱ्यात सुई टोचून हलकेच ताणा. भोक लांबत गेलं तर कापडही संपलं, मग ते शीड आजोबांची आठवण म्हणून घडी घालून ठेवा आणि नवं घ्या. आणि हवेचे फुगे. ते फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ लागले तर नवे घ्या. उलटलेली होडी तेच तरंगवतात, तिथे काटकसर नको.

वेळेचा अंदाज विचाराल तर रविवार आणि सुट्ट्या धरून आत्तापासून मेअखेरपर्यंत रंगासह होडी तयार होईल. पाऊस लागण्याआधी रंग पुरा व्हायला हवा. मग चार महिने उलटी, घोड्यांवर, बूच काढून, खालून वारा खेळेल अशी ठेवा. प्लास्टिकने गुंडाळू नका. शेडचा पत्रा त्याआधी दुरुस्त करा. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, काठाचा चिखल पाण्याखाली असतो, होडी उतरवायला सोपं जातं. धरण जलसंपदा विभागाचं आहे, तेव्हा परवानगीचा अर्ज उन्हाळ्यातच करून ठेवा. पहिल्या दिवशी शीड लावू नका. लाइफ जॅकेट घालून काठालगत कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवा, सरळ करा, पाणी उपसा, आणि फुग्यांवर ती किती उंच तरंगते ते पाहा.

या रविवारी फक्त रांगोळीचं काम करा. ओली जागा पेटीच्या पुढच्या-मागच्या टोकाला निघाली तर टोकाची उभी पट्टी सुटली आहे, पेटी न काढता ती बदलता येईल. मधल्या लांबीत निघाली तर पेटी काढायची आहे. दोन्हीकडचे फोटो पाठवा, स्क्रूंच्या रांगेचाही एक जवळून घ्या, म्हणजे इस्त्री कुठून लावायला सुरुवात करायची ते मी खूण करून कळवतो.